तुल्यबळांची लढत

पेण आणि रोहा या तालुक्यांत किशोर गटाच्या कबड्डी सामन्यांपूर्वी वजनकाट्याभोवती जी गर्दी जमते, तीत क्रीडेतील न्यायाचे एक मूलतत्त्व उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते. ५५ किलोंची मर्यादा अर्ध्या किलोने ओलांडलेला मुलगा जेवण टाळून, मैदानाला फेऱ्या मारून, घामाघूम होऊन पुन्हा काट्यावर चढतो, आणि तो ‘वजनात बसला’ असे पंचांनी सांगेपर्यंत साऱ्या संघाचा जीव टांगणीला लागलेला असतो. किशोरांचे मैदान ११ मीटर लांब व ८ मीटर रुंद, तर प्रौढ पुरुषांचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. बलानुसार भूमीचेही माप बदलावे इतका सूक्ष्म विचार या खेळाच्या नियमांत आहे.

परंतु हीच मुले पुढे पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात किंवा रोह्याच्या डॉ. सी. डी. देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयात दाखल झाली, की ही तजवीज संपते. मुंबई विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी मुंबई शहर, उपनगर, ठाणे आणि कोकण अशी जी वाटणी केली आहे, ती मुलखाची आहे, सामर्थ्याची नव्हे. तिच्यामुळे प्रवासाचा खर्च वाचतो, हे खरेच. पण कोकण विभाग जिंकून आंतरविभागीय फेरीत उतरणाऱ्या तालुक्याच्या संघासमोर, स्वतःचा जिमखाना, पगारी प्रशिक्षक आणि नावाजलेले खेळाडू हेरून त्यांना प्रवेश देण्याची ऐपत असलेले मातब्बर महाविद्यालय उभे ठाकते, तेव्हा दोघांची ताकद तोलण्याची कोणतीही सोय नियमांत उरत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला गेला. तेथील फुटबॉलमध्ये विद्यार्थी मृत्युमुखी पडू लागल्यावर, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातल्यानंतर, १९०६ साली जी संस्था स्थापन झाली आणि पुढे एन.सी.ए.ए. या नावाने प्रसिद्ध पावली, तिने १९७३ साली सदस्य महाविद्यालयांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत मोठी विद्यापीठे, पूर्ण क्रीडा-शिष्यवृत्त्या आणि प्रक्षेपणाचा अफाट पैसा. दुसरीत बहुधा अंशतः शिष्यवृत्त्या. आणि तिसरीत, जी सदस्यसंख्येने सर्वांत मोठी आहे, खेळासाठी म्हणून एक पैचीही शिष्यवृत्ती नाही. विशेष हे की श्रेणी कोणी लादत नाही: किती खेळ चालवावयाचे, किती खर्च झेपेल, हे पाहून महाविद्यालय स्वतः ती पत्करते, मात्र त्या श्रेणीच्या अटी पाळाव्याच लागतात. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ इतर खेळांत तिसऱ्या श्रेणीत राहून लॅक्रॉस या एका खेळात पहिल्या श्रेणीत उतरते. आपले बळ कोठे आहे हे ओळखून केलेली ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

याचा अर्थ आपली व्यवस्था मोडीत काढावी, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत स्पर्धेचे एकक महाविद्यालय. आपल्याकडे त्यावर आणखी एक पायरी आहे. संलग्न महाविद्यालयांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात आणि तेथून भारतीय विश्वविद्यालय संघाच्या अखिल भारतीय स्पर्धेत जातो, आणि त्यामुळे पेणच्या लहानशा महाविद्यालयातील चढाईपटूलाही मुंबई विद्यापीठाचा गणवेश अंगावर चढविण्याचा तितकाच अधिकार असतो. हा अधिकार अमोल आहे व तो अबाधित राहिला पाहिजे. तथापि त्या एका चढाईपटूबरोबर खेळणाऱ्या उरलेल्या सहा जणांचा, त्यांच्या संघाचा आणि वर्षाची क्रीडातरतूद कशीबशी जुळविणाऱ्या त्यांच्या क्रीडाशिक्षकाचा विचार या पायरीवर होत नाही. विद्यापीठाने प्रदेशवार विभाग तसेच ठेवून, प्रत्येक महाविद्यालयाकडून दरसाल खेळनिहाय श्रेणीची लेखी पसंती मागवावी आणि आंतरविभागीय फेऱ्या श्रेणीवार घ्याव्यात; कबड्डीत वरची श्रेणी पत्करणारे रोह्याचे महाविद्यालय बॅडमिंटनमध्ये खालची घेईल, आणि दोन्हीकडे त्याची गाठ आपल्या तोलाच्या संघाशी पडेल.