खोबणीत जागा किती उरली?

थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला की रिपोर्टमधली एकच ओळ घरभर फिरते: डोळा इतके मिलिमीटर बाहेर. मग निकाल लावायला कुणीही पुढे सरसावतं. आकडा मोठा म्हणजे ऑपरेशन अटळ. आकडा लहान म्हणजे काळजीचं कारण नाही. यातलं पहिलं विधान चुकीचं आहे, दुसरं तर घातक आहे. त्याच्यावर विसंबून माणसं आपली दृष्टी गमावून बसू शकतात.

प्रौढ माणसाच्या डोळ्याची खोबण साधारण ३० मिलिलिटरची. त्यात नेत्रगोलाचा वाटा जेमतेम ७ मिलिलिटर. बाकी चरबी, स्नायू, नसा. भोवती हाडाच्या भिंती, मोकळी बाजू फक्त समोरची. ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात शरीराच्याच अँटिबॉडीज खोबणीतल्या पेशींना चेतवतात, चरबी वाढते, डोळा फिरवणारे स्नायू जाड होतात. आतला ऐवज चार-पाच मिलिलिटरने वाढला तरी डोळा सुमारे ६ मिलिमीटर पुढे सरकतो.

दिसायला ते वाईट दिसतं, पण डोळा पुढे आला म्हणजे आतल्या दाबाला वाट मिळाली. ज्याच्या डोळ्यासमोरचा पापण्यांचा आणि पडद्यांचा ताण घट्ट असतो, त्याचा डोळा फारसा पुढे येत नाही. सुजलेले स्नायू मग खोबणीच्या मागच्या निमुळत्या टोकाशी दाटी करतात आणि ऑप्टिक नर्व्ह चेपली जाते. थायरॉइडचा त्रास डोळ्यांत उतरलेल्या सुमारे ५ टक्के रुग्णांत ही वेळ येते. रंग फिके वाटू लागतात, नजर मंदावते. आरशात मात्र डोळे जवळपास पूर्वीसारखेच. अशा माणसाला ‘आकडा कमी आहे, थांबा’ असं सांगणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

मुळात तो आकडाही निरपेक्ष नसतो. स्कॅन होतो उताणं झोपवून, आणि त्या स्थितीत डोळा किंचित मागे जातो. डॉक्टर हर्टेलच्या उपकरणाने मोजतात ते रुग्णाला बसवून. शिवाय ‘नॉर्मल’ किती हे वंशानुसार आणि स्त्री-पुरुषांनुसार बदलतं.

मग स्कॅन कशासाठी? मागच्या टोकाशी दाटी किती आहे, हे त्यात दिसतं. तीही एकटी निकाल देत नाही. दृष्टी, रंगज्ञान, बाहुलीची प्रतिक्रिया आणि दृष्टिक्षेत्र तपासूनच नस धोक्यात आहे की नाही ते ठरतं. युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वेळी आधी शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस देतात आणि साधारण दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर खोबणीचं हाड काढून जागा करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डिकम्प्रेशन, तातडीने करतात. रूप सुधारण्यासाठीचं डिकम्प्रेशन मात्र आजार सहाएक महिने शांत राहिल्यावरच.

सर्जनसाठी सीटी हा नकाशा असतो. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. तिच्या वरच्या टोकाशी मेंदूचा तळ किती खाली उतरला आहे, हे आधी पाहिलं नाही तर मेंदूभोवतालचं पाणी नाकात गळू शकतं. सायनसमध्ये संसर्ग असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. कानाकडच्या भिंतीच्या खोल भागात हाड किती जाड, यावर तिथून किती जागा मिळेल ते ठरतं. चरबी जास्त वाढली असेल तर हाडाला न लावता फक्त चरबी काढूनही भागू शकतं. कुठली पद्धत सर्वांत चांगली, याचा निर्णायक पुरावा २०११च्या कोक्रेन आढाव्यातही सापडला नव्हता. म्हणूनच प्रत्येक खोबणीचा आराखडा वेगळा करावा लागतो.

ऑपरेशननंतरचा स्कॅन आणखी घबराट उडवतो. ‘हाडच गायब आहे, स्नायू सायनसमध्ये उतरलाय!’ अहो, तेच तर करायचं होतं. या शस्त्रक्रियेने स्नायू बारीक होत नाहीत, त्यांना पसरायला जागा मिळते. वॉल्श आणि ओगुरा यांनी १९५७मध्ये गालामागच्या सायनसमधून ही वाट दाखवली, आज बहुधा नाकातून दुर्बीण घालतात, तत्त्व तेच. नाकाकडचा स्नायू जास्त घसरला तर एकाच्या दोन वस्तू दिसतात, ही मात्र खरी अडचण. त्यासाठी अनेक सर्जन नाकाकडची भिंत आणि तळ यांच्यामधली हाडाची पट्टी राखून ठेवतात.

उरलेले समज थोडक्यात. ‘एमआरआय महाग, म्हणून सरस’: सूज ताजी आहे की जुना व्रण, हे एमआरआय चांगलं सांगतो, हाडासाठी सीटीच हवा. ‘कॉन्ट्रास्ट दिल्याशिवाय स्कॅन अपुरा’: खोबणीतली चरबीच स्नायूंना उठाव देते, आणि आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट थायरॉइड बेकाबू असताना त्रासदायक ठरू शकतो. ‘एकच डोळा पुढे आला म्हणजे थायरॉइड नव्हे’: प्रौढांत एका डोळ्याच्या बाबतीतही थायरॉइड हेच नेहमीचं कारण, पण गाठ नाही ना, हे स्कॅन करून पाहावंच लागतं. ‘थायरॉइड नॉर्मल झाला की डोळे आपोआप आत जातात’: अमेरिकेच्या तेव्हाच्या फर्स्ट लेडी बार्बरा बुश यांच्या थायरॉइडवर १९८९मध्ये उपचार झाले, तरी पुढच्या वर्षी त्यांना डोळ्यांसाठी रेडिएशन घ्यावं लागलं. ‘तिरळेपणा आणि पापण्या आधी नीट करून घ्या’: क्रम उलटा आहे. डिकम्प्रेशनने स्नायूंची जागा हलते, म्हणून तिरळेपणा त्यानंतर आणि पापण्या सर्वांत शेवटी.