अंगणातले फूलझाड : आधी माती पाहा, मग फूल



महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन आलेली मंडळी येताना स्ट्रॉबेरी, मध, चणे आणतात. सोबत एखाद्या रोपवाटिकेतली फुलझाडाची कुंडीही गाडीत येते. त्यात चटकन डोळ्यांत भरणारे झाड म्हणजे हायड्रेंजिया. निळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा भरगच्च गेंद पाहून कोणालाही मोह होईल. घरी आणून अंगणात लावल्यावर पंधरा दिवस झाड बरे दिसते. मग पाने पिवळी पडतात, कडा करपतात आणि ऐन मे महिन्यात नुसत्या काटक्या उरतात. घरची बाई म्हणते, "आमच्या हाताला झाडच लागत नाही."

ताई, दोष तुमच्या हाताचा नाही. त्या झाडाला जे हवे, ते तुमच्या अंगणात नाही एवढेच. पेरणीचे बियाणे घेताना आपण जमीन आणि पाणी पाहतो. फूलझाड घेताना मात्र फक्त फूल पाहतो. पैसे, कष्ट आणि डोक्यावरून आणलेले पाणी वाया जाते ते इथेच.

हायड्रेंजियाला काय लागते?

हे झाड मूळचे जपानकडचे. त्याला थंड हवा, दुपारची सावली, सतत ओलावा आणि आम्ल जमीन लागते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माती जांभ्याची, आम्ल आहे. म्हणून ते तिथे सुखाने फुलते.

या झाडाची एक गंमत आहे. आम्ल मातीत मुळांना ॲल्युमिनियम मिळते, म्हणून फुले निळी येतात. चुनखडीच्या मातीत ते मिळत नाही आणि त्याच झाडाची फुले गुलाबी होतात. पांढऱ्या जातींचा रंग मात्र असा बदलत नाही.

डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांनी हायड्रेंजिया अवश्य लावावे. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी घराची पूर्वेकडची बाजू त्याला चांगली. नेहमीच्या मोठ्या गेंदाच्या जातीला पुढच्या हंगामाची फुले जुन्या फांद्यांवर येतात. म्हणून छाटणी करायची ती बहर संपल्याबरोबर आणि हलक्या हाताने. नंतर उशिरा सरसकट छाटले, तर पुढच्या वर्षी नुसता पाला दिसेल. याची पाने जनावरांना मात्र घालू नयेत, ती अपायकारक असतात.

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भ या भागांत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि जमीन बहुधा विम्ल असते. तिथे हा हट्ट धरू नये.

रोप घेण्याआधी तीन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट माती. माती परीक्षण केले असेल, तर पत्रिकेवरचा सामू पाहा. सामू ७ च्या खाली असेल तर माती आम्ल आणि वर असेल तर विम्ल. पत्रिका नसेल, तर मातीच्या कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. बुडबुडे आले, तर चुनखडी आहे असे समजा. निचराही पाहा. हातभर खड्डा करून पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर तिथे झाड उंचवट्यावरच लावावे लागेल.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यातले पाणी. आज विहिरीला किती पाणी आहे हे पाहू नका. एप्रिल-मे महिन्यांत झाडासाठी बादलीभर पाणी निघेल का, ते पाहा. मोरीचे पाणी चालते, पण कपड्यांच्या सोड्याचे नको. त्याने माती आणखी विम्ल होते.

तिसरी गोष्ट दावण. शेळ्या मोकळ्या फिरतात का? वासरे कुठे बांधता? लहान मुले कुठे खेळतात? हे पाहिल्याशिवाय झाड निवडू नका.

नवशिक्यांसाठी भरवशाची झाडे

तगर : पहिल्यांदाच झाड लावणाऱ्याने तगरीपासून सुरुवात करावी. अर्धवट सावलीतही ती चालते आणि पांढरी फुले देवपूजेला बरेच महिने मिळतात. पानांत चीक असल्याने जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. फांदी तोडताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि छाटलेला पाला जनावरांपुढे टाकू नये.

जास्वंद : संकरित जातींची फुले मोठी असतात, पण झाड नाजूक. नवशिक्याने गावात कोणाकडेही असलेली साधी, एकेरी, लाल जास्वंद लावावी. शेजारणीकडून फांदी मागितली की काम झाले. शेळ्यांना ही फार आवडते, म्हणून कुंपण हवेच.

द्राक्ष बागायतदारांनी मात्र एक ध्यानात ठेवावे. द्राक्षावर येणारा पिठ्या ढेकूण, ज्याला आपण मिलीबग म्हणतो, तो जास्वंदीवरही पोसला जातो. कपाशीवरच्या मिलीबगचेही तसेच आहे. म्हणून बागेच्या किंवा कपाशीच्या बांधाला जास्वंद लावू नका. अंगणातल्या झाडावर पांढरा कापसासारखा थर दिसताच तेवढे शेंडे तोडून जाळून टाका आणि झाडावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली, तरी पाने उलटून पाहावीत.

मोगरा : याला भरपूर ऊन हवे. डिसेंबर-जानेवारीत छाटणी करावी, शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. उन्हाळाभर गजऱ्यापुरती फुले मिळतात. चुनखडीच्या जमिनीत याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. हा रोग नव्हे, लोहाची उणीव आहे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे.

एक्झोरा : हायड्रेंजियासारखा गुच्छच हवा असेल, तर कोकणातल्या आणि तांबड्या मातीच्या भागातल्या वाचकांनी हे झाड लावावे. लाल, केशरी, पिवळे गुच्छ येतात. चुनखडीच्या मातीत मात्र हेही पिवळे पडते.

बोगनवेल : माळरानावर, मुरमाड जमिनीत, पाण्याची ओढ असेल तिथे हिच्यासारखे झाड नाही. काट्यांमुळे राखणही होते. पाणी जास्त दिले, तर पाला माजतो आणि फुले कमी येतात. ओढग्रस्त गावात हा तिचा गुणच म्हणायचा.

या दोन झाडांपासून सावध

कण्हेर पाण्यावाचून तग धरते आणि वर्षभर फुलते, म्हणून पुष्कळ जण ती दारात लावतात. पण तिचे पान, फूल, फांदी, मूळ सारेच विषारी आहे. थोडासा पालाही जनावराच्या हृदयावर घात करतो. ओला पाला कडू म्हणून गुरे टाळतात. खरा धोका छाटून टाकलेल्या, सुकलेल्या पाल्याचा असतो. तो कडब्यात मिसळला की जनावर खाऊन जाते. सुकल्याने विष जात नाही. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर माणसालाही प्राणघातक ठरतात. म्हणून गोठ्याजवळ आणि मुलांच्या खेळण्याच्या जागी ही दोन्ही नकोत. छाटलेल्या फांद्या खोल पुराव्या, चुलीत घालू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. मुलाने किंवा जनावराने खाल्ल्याची शंका आली, तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्या झाडाची फांदी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

दुसरी घाणेरी. तिचे रंगीत झुबके पाहून कोणी ती कुंपणाला लावतात. ती रानभर पसरते आणि खाल्ल्यास जनावरांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. दारात ती मुळीच नको.

लागवड कशी करावी?

उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा काढून तापू द्यावा. मृगाचा चांगला पाऊस झाला की चांगली माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा. काळ्या भारी जमिनीत भर घालून टेकाड करावे आणि त्यावर रोप लावावे. तगर, जास्वंद आणि बोगनवेल यांना रोप विकत घेण्याचीही गरज नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, चांगली पक्व फांदी पावसाळ्यात सावलीत मातीच्या पिशवीत खोचावी. मुळे फुटली की जागेवर लावावी.

पहिला उन्हाळा झाडाच्या कसोटीचा. दर तीन-चार दिवसांनी सायंकाळी एक बादली पाणी आळ्यात द्यावे. उसाचे पाचट किंवा वाळला पाला चार बोटे जाडीचा पसरावा, म्हणजे ओल टिकते. पाचट खोडाला मात्र चिकटू देऊ नये. पहिला उन्हाळा निभावला की ही झाडे थोड्या पाण्यावरही तग धरू लागतात.

एका वर्षी दहा झाडे लावू नका. तीनच लावा, पण ती जगवा. यंदा मृगाआधी एका संध्याकाळी घरातली सारी मंडळी अंगणात उभी राहा. ऊन कुठवर येते, मोरीचे पाणी कुठून जाते, शेळी कुठून शिरते, हे पाहून जागा ठरवा. मगच ठरवा, फूल लाल हवे की पांढरे.