नोव्हेंबरातला गलेलठ्ठ बास

३ नोव्हेंबर २०२२ रोजी ईरी सरोवराच्या कॅनडाकडच्या पाण्यात एकाच्या गळाला १०.१५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४.६ किलोंचा स्मॉलमाउथ बास लागला. महिना नोव्हेंबरचा, याचं जाणकारांना नवल वाटलं नसेल.

पाणी गार होत गेलं की हा मासा उथळ किनारा सोडून खोल, खडकाळ उतारांकडे सरकतो आणि तिथे जमाव करून राहतो. सापडले तर एकाच जागी ढीगभर, नाहीतर दिवसभर हात हलवत परत. म्हणून मुरलेले गळकरी आधी सोनार यंत्राच्या पडद्यावर तळ धुंडाळतात, गळ नंतर.

पण एवढं बाळसं आलं कुठून? बऱ्याच अंशी राउंड गोबीमुळे. काळ्या समुद्राकडचा हा बोटभर मासा जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून आला आणि १९९० मध्ये ईरीच्या वरच्या अंगाच्या सेंट क्लेअर नदीत आढळला. संधी मिळाली की तो बासची अंडी फस्त करतो, आणि मोठा बास त्याला! गोबीला हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तळाशीच घुटमळतो. साहजिकच गोबीसारखं भासणारं तपकिरी-हिरवट रबरी ट्यूबचं आमिष खडकांवरून खरडत, रेंगाळत ओढावं लागतं. शिवाय गारठ्यात बासचं पचन मंदावतं. त्यामुळे पळत्या भक्ष्यामागे धावायला तो फारसा राजी नसतो.

एक मात्र खरं. दहा-बारा मीटर खोलीतून झटकन वर ओढलेल्या बासची हवेची पिशवी फुगते. सोडून दिला तरी त्याला बुडी मारता येत नाही. मासा जिवंत सोडायचा असेल, तर इतक्या खोलात गळ न टाकलेलाच बरा.