४७ ए/१५ : वसईच्या रुळांखालचा नकाशा

वसई, नालासोपारा आणि विरार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकाच टोपोशीटवर येतात. तिचा क्रमांक ४७ ए/१५. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरात तपकिरी समोच्च रेषांची दाटी, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी; आणि मधल्या सखल पट्टीतून उत्तरेला निघालेला लोहमार्ग.

हा मार्ग १८५५ साली स्थापन झालेल्या 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' कंपनीचा. घाट टाळून किनाऱ्याची सपाटी धरायची, हा कर्नल जे. पी. केनेडी यांचा आग्रह. चढ टळला, पाणी टळले नाही. भाईंदर-नायगावच्या मध्ये खाडी, खाडीत पाणजू बेट. त्याच्या दोन्ही अंगांच्या पुलांसाठी पोकळ लोखंडी खांब स्क्रूसारखे फिरवत चिखलात उतरवले गेले. २८ नोव्हेंबर १८६४ रोजी हा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोचला.

असा मुलूख कागदावर उतरवण्याचे जुने साधन म्हणजे प्लेन टेबल. तिवईवर सपाट फळा, त्यावर कागद आणि कागदावर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने पक्के केलेले मोजके बिंदू. सर्वेक्षक अलिडेडच्या पट्टीतून देवळाच्या कळसावर नेम धरून रेघ ओढी. दुसऱ्या ठिकाणाहून पुन्हा तेच. रेघा जिथे छेदल्या, तिथे देऊळ. नकाशा जागेवरच आकार घेई.

डोंगरात हे जमते, कारण तिथून दूरवर दिसते. खरी कसोटी खाजणात. तिवरांच्या गर्दीत नेम धरायचा कशावर? शिवाय भरती-ओहोटीने किनाऱ्याची कड रोज हलते.

मैलाला एक इंच या मापाच्या पत्रकांत साधारणपणे दर ५० फुटांना समोच्च रेषा असे, पुढे १:५०,०००च्या पत्रकांत दर २० मीटरला. वसईची बहुतेक वस्ती समुद्रसपाटी आणि त्या पहिल्या रेषेच्या मधल्या कोऱ्या जागेत बसते! तिथला उंचसखलपणा वाचायचा तो मिठागरे, नाले, बांध आणि मोऱ्यांवरून. भरावाशेजारी '३r' असे लिहिले असेल, तर तो आसपासच्या जमिनीहून तेवढा उंच.

जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतले प्रवासी अडकले. महापालिकेच्या कोणत्याही नाले-आराखड्याशेजारी जुनी पत्रके पसरायलाच हवीत: आज इमारती आहेत तिथे कुठे खाजण होते, कुठे मिठागर, आणि रुळांच्या भरावाखालून पाणी कोणत्या मोऱ्यांनी खाडीकडे जात होते, हे त्यांवर छापलेले आहे.