टंचाईचे अर्थशास्त्र आणि मुलीचा जन्म

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये निश्चित झाले. तीनच वर्षांनी फ्रान्समध्ये लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोमचे मूळ एका जादा गुणसूत्रात असल्याचे दाखविले. पुढे गर्भजलातील पेशी वाढवून हा दोष जन्मापूर्वीच ओळखता येऊ लागला. परंतु जी तपासणी हे जादा गुणसूत्र दाखविते, तीच गर्भ मुलीचा की मुलाचा हेही सांगते. आपल्याकडे गिऱ्हाईक मिळाले ते या दुसऱ्या माहितीला. सोनोग्राफीने ती आणखी स्वस्त केली.

येथे आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनी एक कबुली देणे प्राप्त आहे. १९८३ साली धर्मा कुमार या विदुषींनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त असा युक्तिवाद केला की, मुली कमी झाल्या तर त्यांचे मोल वाढेल. मागणी-पुरवठ्याचा हा नियम मीही वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. लीला दुबे यांनी मात्र तेव्हाच बजावले होते की, टंचाईने स्त्रीचा मान वाढत नाही. तिच्यावरील बळजोरी वाढते. वस्तूचा भाव चढला की लाभ तिच्या मालकाला होतो, वस्तूला नव्हे, हे खरे तर आम्हीच सांगावयास हवे होते.

रोगनिदानाची मुभा ठेवून लिंगनिदानास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. या वीस वर्षांत हुंड्याचा दर उतरल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.