गायरान राखायचं, पण भारा कुणाच्या डोक्यावर?

दुष्काळ म्हटलं की डोळ्यांसमोर टँकर आणि चारा छावण्याच येतात. पण जनावरांचा दुष्काळ त्याच्या कितीतरी आधी गायरानावर सुरू झालेला असतो. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. पावसानं ताण दिला, की गवत बोटभर वाढतं न वाढतं तोच गाई, शेळ्या, मेंढ्या सगळ्याच त्यावर तुटून पडतात. गवत मुळापर्यंत खाल्लं गेलं की पुढच्या वर्षी चांगला पाऊस होऊनही तिथं उगवतं काय, तर जनावर तोंड लावत नाही असा तरवड, नाहीतर कुसळ!

चराईबंदी हा त्यावरचा उपाय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं तो १९९० नंतरच्या दशकात करून दाखवला. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत कापून आणायचं. उपाय चांगलाच आहे. पण जनावर आपल्या पायानं चरायला जायचं, तेव्हा त्याच्यामागं घरातलं पोरगं नाहीतर म्हातारं माणूस असायचं. बंदी झाली, की विळा बाईच्या हातात आणि भारा बाईच्याच डोक्यावर. मोठ्या गाईला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवी वैरण आणि वर पाच-सहा किलो कडबा लागतो. दोन गाई असल्या तर करा हिशेब! बरं, विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर शेजारच्या काकू म्हणतात, "गाय इकली की परत दावणीला येत न्हाई, बाई."

म्हणून मला वाटतं, सगळं गायरान एकदम बंद करू नये. त्याचे तीन-चार तुकडे पाडावेत. एकात चराई, बाकीचे राखीव. चार बोटं गवत उरलं, की जनावर पुढच्या तुकड्यात. पवन्या, मारवेल फुलोऱ्यात असतानाच कापावं, उशीर केला की नुसत्या काड्या उरतात. एक पट्टा मात्र बी झडेपर्यंत हात न लावता ठेवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी उगवणार काय?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. आमच्या सभेत यंदा तुकड्यांच्या पाळ्या ठरल्या. कापलेलं गवत आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टरनं घरपोच यावं, हेही ठरावात लिहून घेतलं. पाळ्यांना ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले. ट्रॅक्टर कुणाचा आणि डिझेल कुणाचं, यावर मात्र अजून खल चालू आहे.