कानागणिक आवाज

सकाळी 9. दत्त चौकाजवळचं दुकान उघडतो. काउंटरवर चार हेडफोन गिऱ्हाइकांना ऐकण्यासाठी काढून ठेवतो. न ऐकता कुणी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

साडेदहा. कॉलेजचा पोरगा इअरफोन परत घेऊन आला. “भाऊ, याच्यात बेसच नाही.” मी पुढचं रबर काढून एक माप मोठं लावलं. कानातली फट बुजली आणि डग्ग्याचा घुमारा परत आला. फट राहिली की आधी खर्ज निसटतो. महागडा इअरफोन घ्यायला निघालेला पोरगा नुसत्या रबरावर खूश होऊन गेला.

दुपारी 1. वीस हंगाम कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेला माणूस आला. मला समतोल वाटणारा हेडफोन त्याच्या कानाला लावला. “बाई गोणपाटात तोंड घालून गाऊन राह्यली,” म्हणाला. ज्याचा ‘स’ मला टोचतो, तो दुसरा मात्र त्याला मोकळा वाटला. त्याची आवड चुकीची नाही. सततच्या गोंगाटानं कान बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खचतो, आणि ‘स’, ‘फ’ यांची धार त्याच उंच भागात असते. म्हणून अशा माणसाला बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. “घरी टीव्हीचा आवाज कोण वाढवतं?” मी विचारलं. “मीच. बायको कमी करते.” त्याला हेडफोन दिला नाही. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात जा, म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ मन लागेना.

दुपारी 4. तुटलेल्या वायरींना डाग देणं.

साडेसहा. गर्दी. खोक्यावरचे ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ सगळे वाचतात. कोणता भाग किती उचललाय, हे त्यावरून कळत नाही. शिवाय कानाची नळी, जेमतेम अडीच सेंटीमीटरची, स्वतःच 3000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. दोघा भावांचं एका हेडफोनवर एकमत होत नाही, ते उगाच नाही.

रात्री 9. शटर अर्धं ओढून हळू आवाजात गाणं लावतो. खर्ज विरळ होतो. हळू आवाजात कान खर्जाला मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. मी आवाज वाढवत नाही, फक्त बेस थोडा उचलतो.

जिनिंगवाल्यांनो, वणीच्या खाणवाल्यांनो, हेडफोन नंतर घ्या. आधी कान तपासून घ्या.